धुराड्याच्या पलीकडे

जर्मनीत हिवाळ्यात एखाद्या घराचं छत टपकायला लागलं की घरमालक सगळ्यात आधी कौलं बसवणाऱ्याला छपरावर चढवतो. तो वर जाऊन सगळी कौलं तपासतो, एकही फुटलेलं नाही असं सांगतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडतं आणि छत आणखी जोरात टपकतं. मग घरमालक दुसरा कौलवाला बोलावतो. हे असं दोन-तीनदा झालं की कुणीतरी आमच्या ऑफिसला फोन करतं आणि मी टॉर्च, मोजायची यंत्रं आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या घेऊन निघते.

निघत असे, म्हणायला हवं. मागच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. त्याआधी सत्तावीस वर्षं एर्लांगेनमधल्या एका छोट्या ऑफिसात माझं काम एकच होतं, घरात ओल कुठून येते ते शोधायचं आणि लेखी अहवाल द्यायचा. पुण्यात सिव्हिल इंजिनिअर झाले तेव्हा धरणं बांधायची स्वप्नं होती. प्रत्यक्षात जन्म गेला लोकांच्या पोटमाळ्यांवर रांगण्यात. सांगलीची आत्या नातेवाइकांना सांगायची, आमची वैशू जर्मनीत माळे बघते. ऐकणाऱ्याला वाटायचं मी तिथे झाडू मारते. मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण आत्या फार काही चुकीचं सांगत नव्हती.

हे काम समजायला शास्त्र फार लागत नाही. घरात आपण भात शिजवतो, अंघोळी करतो, कपडे वाळत घालतो, नुसते श्वास घेतो, तरी हवेत पाणी जात असतं. चौघांच्या घरातून दिवसाला जवळजवळ बादलीभर जातं. उबदार हवा ते पाणी घेऊन वर चढते, माळ्याच्या झाकणाच्या फटीतून, वायरीच्या भोकातून, जिथे वाट मिळेल तिथून. वर माळा थंडगार. तिथल्या छपराच्या फळ्यांना टेकली की त्या हवेला पाणी पेलवत नाही. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसंच हे. बाहेर शून्याच्या खाली असेल तर त्या घामाचं हिम होतं आणि फळ्यांतून डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं पीठ शिंपडल्यासारखं दिसतं. मग एखाद्या दिवशी ऊन येतं, छप्पर तापतं, साठलेलं हिम वितळतं आणि सगळं एकदम खाली येतं. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न असायचा, पाऊस पडताना गळतं की ऊन पडल्यावर? ऊन पडल्यावर, असं उत्तर आलं की कौलवाल्याला सुट्टी.

नमुनेदार माणसं खूप भेटली. एक निवृत्त प्रोफेसर होते. घरातली ऊब वाया जाऊ नये म्हणून त्यांनी छपराच्या कडेला हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या सगळ्या फटी स्वतःच्या जुन्या स्वेटरांनी बुजवून टाकल्या होत्या. माळा बुरशीने काळाठिक्कर. मी एकेक स्वेटर ओढून खाली टाकत होते आणि ते शिडीशी उभे राहून प्रत्येकाची ओळख करून देत होते, हा बहिणीने विणलेला, हा मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला घातलेला. शेवटी त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, निळा धुऊन वापरता येईल का?

आपली माणसंही काही कमी नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी गेले होते. यजमानीणबाईंच्या आईने साबुदाण्याच्या पापड्या माळ्यावर वाळत घातल्या होत्या, इथे कावळे नाहीत, धूळ नाही म्हणून. भर थंडीत पंधरा दिवसांत त्या पापड्यांना हिरवी लव फुटली. मला कुंकू लावायच्या आधी माळ्यावर चढवलं गेलं, तेही पैठणीत. माळ्यांवर ऊब राखायला काचेची लोकर पसरलेली असते, ती साडीत शिरली की दोन दिवस खाज जात नाही. तशी खाजवत खाजवत मी वाण घेतलं आणि सांगितलं, मे महिन्यात गॅलरीत घाला.

हे काम मला शिकवलं ऑफिसचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर यांनी. कमी बोलणारा, लांबलचक माणूस. त्यांचा एक नियम होता. माळ्याला चार कोपरे असतात. तीन पाहून झाले असतील तर खाली उतरायचं, कॉफी प्यायची आणि चौथा पाहायला पुन्हा वर जायचं. त्याशिवाय अहवाल टाइप करायला बसायचं नाही. सत्तावीस वर्षांत मी हा नियम एकदाच मोडला. खरं तर तीच गोष्ट लिहायला बसले आहे. आतापर्यंतचं सगळं टाळाटाळ होती.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. एर्लांगेनपासून बसने वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात हेर फोगेल यांचं दुमजली घर आहे. तळमजल्यावर ते एकटे राहतात, वरचा मजला भाड्याने दिलेला, त्याच्यावर माळा. भाडेकरू आपलेच, मंदार आणि स्नेहल कुलकर्णी, त्यांची पाच वर्षांची ईरा, आणि नुकत्याच साताऱ्याहून आलेल्या मंदारच्या आई. मी त्यांना काकू म्हणू लागले. स्नेहलचं दुसरं बाळंतपण मार्चच्या मध्यावर होतं. तिला स्वतःची आई नाही. काकूंना व्हिसा तीनच महिन्यांचा मिळालेला, तो बेताने बाळंतपणाभोवती बसवला होता, जानेवारीच्या सुरुवातीला यायचं आणि बारसं करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जायचं.

काकू आल्या आणि आठवड्याभरात ईराच्या खोलीचं छत टपकायला लागलं. वर माळ्यावर छपराच्या फळ्यांना काळे डाग. हेर फोगेल यांचं फोनवर म्हणणं असं की छप्पर नवंकोरं आहे, मागच्याच उन्हाळ्यात बदललं, आजवर कधी थेंब आला नव्हता. घरात नवीन गोष्ट एकच, ती म्हणजे म्हातारी बाई. त्या दिवसभर काहीतरी शिजवतात आणि खिडकी म्हणून उघडत नाहीत. हेर लिंडनरनी काम माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, तू या लोकांना समजतेस. मला ते वाक्य आवडलं नाही, पण मी गाडीची किल्ली उचलली.

फोगेल दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, अंगणातला बर्फ रेघ मारल्यासारखा सरळ बाजूला केलेला. माझं कार्ड वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हीही भारतातल्या?” ते म्हणाले. “आल्झो, तुम्ही न्यूट्रल आहात ना?” आल्झो हा त्यांचा ‘तर मग’.

“अर्थातच,” मी म्हटलं आणि जिना चढले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर वर आला.

वरचं दार उघडलं आणि हिंग-मोहरीच्या फोडणीचा घमघमाट अंगावर आला. कुकरची शिट्टी चालू होती. पॅसेजमध्ये ईराच्या ओल्या कपड्यांचा स्टँड. खिडक्या सगळ्या बंद, आणि एका खिडकीच्या फटीत काकूंनी टॉवेल कोंबलेला, स्नेहलला वारा लागू नये म्हणून. माझं यंत्र हवेतली आर्द्रता सदुसष्ट टक्के दाखवत होतं, जी हिवाळ्यात पन्नाशीच्या आत हवी. मला लाज वाटली. इतकी वर्षं जर्मन माणसांच्या तोंडून ऐकत आले होते, तुमच्या लोकांचा स्वयंपाक, तुमच्या लोकांच्या बंद खिडक्या, आणि आता सगळं तसंच्या तसं समोर मांडून ठेवलेलं. खाली फोगेल वाट बघत होते, मी कुणाच्या बाजूने बोलते ते.

माळ्याची घडीची शिडी पॅसेजमध्ये उतरत होती. नको नको म्हणत असताना काकूंनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी वर चढले. चालायला फळ्या टाकल्या होत्या त्या माळ्याच्या मध्यापर्यंत. तिथे एक जुनं विटांचं धुराडं होतं. आता वापरात नसलेलं. छप्पर बदलताना त्याचा वरचा भाग काढून टाकलेला, त्यामुळे ते छपराच्या आतच संपत होतं. त्याच्या पलीकडे फळ्या नाहीत, नुसती वाशांच्या मधे भरलेली लोकर. तिकडे जायचं तर वाशावाशावरून गुडघ्यांनी जावं लागतं. मी हे शेकडो वेळा केलं आहे. त्या दिवशी मी धुराड्यापाशी थांबले, पलीकडे टॉर्च मारला, दोन फोटो काढले. खिळ्यांवर हिम दिसलं, फळ्यांवर काळं दिसलं, आणि झाकणातून माझ्या पाठोपाठ चढलेला फोडणीचा वास नाकात होता. झालं, कळलं, असं म्हणून मी उतरले.

झाकण घराच्या एका टोकाला होतं आणि बुरशी दुसऱ्या टोकाला. ती बुरशी आठ-पंधरा दिवसांची नव्हती, चांगली दोन-तीन महिन्यांची होती, म्हणजे काकूंच्या येण्याच्या आधीची. आणि घरातली नवीन गोष्ट काकू नव्हत्या, छप्पर होतं; कडाक्याची थंडी आणि काकू एकाच आठवड्यात आल्या एवढंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही यातलं काहीतरी खटकलं असतं. मला खटकलं नाही, कारण मला उत्तर आधीच मिळालेलं होतं.

खाली आल्यावर काकूंनी एकच विचारलं. “बाई, आमच्या स्वयंपाकाने होतंय का हे?”

“बरंचसं, काकू,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आत गेल्या आणि कुकर शेगडीवरून उतरवून ठेवला.

मी त्यांना आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र दिलं, दिवसातून चारदा पाच-पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायला सांगितल्या आणि ऑफिसात जाऊन अहवाल लिहिला. ओलीचं कारण, राहणाऱ्यांच्या सवयी. त्याला जर्मनमध्ये एकच लांबलचक शब्द आहे आणि आमच्या धंद्यातला तो सगळ्यात सोयीचा शब्द आहे. तो लिहिला की पुढे काही शोधावं लागत नाही. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला, की माझी माणसं आहेत म्हणून मी पोटात घातलं नाही. निघताना फोगेलनी हात मिळवला होता आणि तळघरात जपलेली सफरचंदं पिशवीभर दिली होती. ती मी खाल्लीदेखील.

फेब्रुवारीच्या मध्यावर स्नेहलचा फोन आला. तोपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं. माझा अहवाल मिळाल्यावर फोगेलनी कुलकर्ण्यांना लेखी ताकीद दिली होती, मार्चअखेर ओल थांबली नाही तर घर सोडावं लागेल. एर्लांगेनच्या आसपास भाड्याचं घर शोधणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, त्यात पंधरा दिवसांचं बाळ. काकूंनी त्या दिवसापासून फोडणी बंद केली होती. कुकर कपाटात. सगळे पाव, दही, भिजवलेले पोहे खात होते. धुतलेले कपडे मंदार बसने एर्लांगेनमधल्या लाँड्रीत नेऊन सुकवून आणत होता. चार वेळा खिडक्या उघडायच्या, तेवढा वेळ स्नेहल पांघरूण गुंडाळून बाथरूममध्ये बसायची. आणि छत टपकतच होतं.

“ताई, आई परत चालल्यात,” स्नेहल म्हणाली. “महिनाअखेरचं तिकीट करून घेतलंय त्यांनी. म्हणतात, माझ्यामुळे तुमचं घर कुजतंय, मी गेले की थांबेल.” मग तिचा आवाज खाली आला. “मला हव्यात हो त्या. मी बाकी कुणाला बोलावू?”

तिने पुढे सांगितलं की आईंनी एक वही ठेवली आहे, ती तुम्हाला दाखवायची त्यांची इच्छा आहे, पण त्यांना संकोच वाटतो.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी गेले. काकू नोकरीत काय करायच्या हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाटबंधारे खात्यात कारकून होत्या, आणि एका धरणावर एकतीस वर्षं पर्जन्यमापक वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी साडेआठला जाऊन पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा, पडला नसला तरी शून्य लिहायचं. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. जर्मनीत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वही चालू होती. तारीख, वार, थंडी, ऊन की ढग. छत टपकायला लागलं तसा त्यांनी स्वयंपाकघरातला खुणांचा मापाचा पेला थेंबाखाली ठेवला आणि एक रकाना वाढवला. मी दिलेल्या यंत्रासाठी आणखी एक. पट्टीने आखलेले रकाने, गोल नेटकं अक्षर. शेवटचा रकाना ‘तपासणी’ असा, पूर्ण रिकामा.

मी वाचत गेले. घरातली आर्द्रता माझ्या भेटीनंतर आठवडाभरात सदुसष्टवरून पंचेचाळीसवर आली होती आणि तिथेच राहिली होती. पेल्यातलं पाणी मात्र जरासुद्धा कमी झालं नव्हतं. माझा अख्खा अहवाल त्या दोन रकान्यांनी खोटा पाडला होता. समोर चहाऐवजी थंड सरबत ठेवलेलं होतं, वाफ नको म्हणून.

काकूंनी बोटाने दाखवलं की मोठं पाणी शनिवारी येतं, आणि शनिवारी ढग असतील तर पुढे ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी. फेब्रुवारीतला एकच शनिवार असा होता की कडक ऊन असून पेला कोरडा होता. तिथे त्यांनी पेन्सिलीने छोटी फुली केली होती. ही कशाची, मी विचारलं.

“त्या आठवड्यात खालचे आजोबा गावाला गेले होते,” त्या म्हणाल्या. “अजून एक आहे, पण तुम्ही हसाल.”

“नाही हसणार.”

“खाली दर शुक्रवारी कुणाला तरी सर्दी होते. संध्याकाळी ईराच्या खोलीत नीलगिरीच्या तेलाचा वास येतो.”

मी खरंच हसले नाही. शुक्रवारी संध्याकाळी जर्मन घराच्या तळघरातून नीलगिरीचा वास कशाचा येतो ते इथे राहणाऱ्या कुणालाही कळेल. सौना. लाकडी खोली तापवायची, गरम दगडांवर नीलगिरीचं पाणी ओतायचं आणि चार मित्रांनी मिळून घाम काढत बसायचं, मग गरम पाण्याने अंघोळ. काकूंना ते कळायचं काही कारण नव्हतं. घाम येण्यासाठी कुणी घरात मुद्दाम खोली बांधेल हे साताऱ्याच्या माणसाच्या डोक्यात येणार नाही. पण वास आला म्हणून त्यांनी लिहिला होता, चार शुक्रवार, चार नोंदी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मी परत गेले. काकूंनी पुन्हा शिडी धरली. वर धुराड्यापाशी मी गुडघ्यांच्या गाद्या घट्ट केल्या आणि पलीकडच्या वाशांवर उतरले. चार मीटरसुद्धा नव्हतं ते अंतर. धुराड्याच्या मागच्या अंगाला, वर झाकण म्हणून ठेवलेल्या फरशीखाली, तीन बोटांची फट होती. मी हात धरला. उबदार, ओली हवा तळहातावर येत होती. नीलगिरीचा वास इतका स्वच्छ होता की माझं नाक मोकळं झालं. आसपासच्या फळ्यांवर बोटभर हिम जमलं होतं. मी तिथेच वाशावर बसून राहिले. कोडं सुटलं की एरवी मला आनंद होतो, अगदी लहान मुलासारखा. त्या दिवशी झाला नाही. खाली काकू शिडी धरून उभ्या होत्या.

मग मी खाली जाऊन फोगेलची बेल वाजवली. ते बाथरोबमध्ये, लालबुंद. आतून मित्रांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, जरा माझ्याबरोबर माळ्यावर याल का. बिचारे तसेच, स्लिपर घालून वर आले. काकूंनी पदर सावरला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी फोगेलना धुराड्याच्या मागे नेलं आणि त्यांचा हात फटीवर धरला. त्यांनी हात काढला, तळहाताचा वास घेतला आणि पुन्हा फटीवर धरला.

“आल्झो,” शेवटी ते म्हणाले.

सौनाची हवा बाहेर फेकणारा पंखा त्यांच्या मेव्हण्याने बऱ्याच वर्षांपूर्वी त्या धुराड्याला जोडून दिला होता. तेव्हा धुराडं छपराच्या वरपर्यंत होतं, सगळं ठीक होतं. मागच्या उन्हाळ्यात छप्पर बदलणाऱ्यांना धुराडं बंद आहे एवढंच सांगितलं गेलं, म्हणून त्यांनी ते आतच कापलं. मेव्हणा वारला होता, पंखा भिंतीत होता, कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. फोगेलनी अंगावरचा रोब आवळला आणि विचारलं, “तुम्ही मागच्या वेळी इथे आला नव्हतात?”

“नाही,” मी म्हटलं.

सोमवारी सकाळी हेर लिंडनरसमोर उभी राहिले आणि सांगितलं की माझा अहवाल मागे घ्यायचा आहे. त्यांनी विचारलं, किती कोपरे? तीन, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ऑफिसच्या नावाचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी एक पान लिहिलं. ओलीचं कारण तळघरातली सौना आहे, राहणाऱ्यांच्या सवयींचा त्याच्याशी संबंध नाही, आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, धुराड्यामागच्या भागाची पाहणी राहून गेली होती. लिंडनरनी वाचलं, ‘राहून गेली होती’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मी केली नाही’. मी पुन्हा टाइप केलं.

फोगेल मात्र जातीचे व्यवस्थित. आठवड्याच्या आत पंख्याचा पाइप तळघराच्या भिंतीतून थेट बाहेर काढला, धुराडं बुजवलं, ताकीद लेखी मागे घेतली. मग इस्त्रीचा शर्ट घालून, सफरचंदांची टोपली घेऊन वर आले आणि दारात उभं राहून प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागितली, ईराचीसुद्धा. मी तिथे होते. काकू मंदारला म्हणाल्या, “त्यांची सर्दी बरी झाली का, विचार.” मंदार कसानुसा झाला. पण ईराने, जी आजीला कायम जर्मनमध्येच उत्तरं देते, ते वाक्य चोख जर्मनमध्ये फोगेलना विचारून टाकलं, आणि शुक्रवारची हकीकतही सांगितली. हसून हसून त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी गेले होते ते नवा अहवाल काकूंना वाचून दाखवायला. त्यांचं तिकीट पुन्हा एप्रिलचं झालं होतं. सगळे आत गेल्यावर आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. राहणाऱ्यांच्या सवयींचा संबंध नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग उठून वही आणि पेन घेऊन आल्या.

“धरणावर महिन्यातून एकदा इंजिनिअर यायचे,” त्या म्हणाल्या. “पानं बघून सही करायचे. सही नसली की वही पुरी होत नाही.”

मी मागच्या पानापासून सही करत निघाले. प्रत्येक पान वाचून, जसं करायला हवं तसं. करता करता जानेवारीतल्या माझ्या पहिल्या भेटीच्या दिवसापाशी आले. गुरुवारी मी रकान्यांतले आकडेच वाचले होते, हे पान नीट पाहिलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘थंडी उणे नऊ. ऊन. पेल्यात चाळीस. इंजिनिअरबाई आल्या, माळ्यावर गेल्या. पावलं धुराड्यापर्यंत वाजली. पलीकडे गेल्या नाहीत.’

मी पेन खाली ठेवलं.

“काकू, तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?”

“शिडी धरून खालीच तर उभी होते.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. “तुम्ही एवढ्या शिकलेल्या,” त्या म्हणाल्या. “त्यात आपल्यातल्या. मला वाटलं, तुम्हाला तिकडे न जाताही दिसलं असेल.”

आत स्नेहलने कुकर लावला होता, शिट्टी झाली. काकूंनी उठून खिडकी उघडली आणि परत येऊन बसल्या, माझी सही व्हायची होती म्हणून. त्या ओळीसमोर मी सही केली, पूर्ण नावाने.

मार्चमध्ये स्नेहलला मुलगा झाला. बारसं करून काकू एप्रिलमध्ये साताऱ्याला गेल्या, वही बरोबर घेऊन. मी लिहिलेले सगळे अहवाल ऑफिसच्या कपाटात जर्मनमध्ये आहेत. माझ्या कामाची मराठीत नोंद एवढी एकच आहे, आणि ती बरोबर आहे.